दहावीच्या वर्षी हेड गर्लसाठी उभं राहावं का? नाशिकच्या ताई-दादांनो, खरं खरं सांगा

दहावी_ब

नमस्कार सगळ्यांना. मी गंगापूर रोडच्या बाजूला एका सेमी इंग्लिश शाळेत आहे, जूनपासून दहावी. शाळेचं नाव टाकत नाही कारण आमचे निम्मे सर-मॅडम इथे गुपचूप वाचत असणार 😅

तर झालं असं की नववीचा रिझल्ट घ्यायला गेले तेव्हा क्लासटीचर म्हणाल्या, यंदा हेड गर्लसाठी तुझं नाव देतेय, घरी विचारून सांग. आमच्याकडे आधी मुख्याध्यापक आणि दोन-तीन टीचर मिळून इंटरव्ह्यू घेतात, त्यातून जे उरतात ते परिपाठाला सगळ्यांसमोर भाषण करतात आणि मग पाचवी ते दहावी मतदान. मोबाईलवर ईव्हीएमसारखं ॲप असतं, बोटाला मार्कर लावतात, बटण दाबलं की बीप वाजतो. बारकी पोरं तर त्या बीपसाठीच रांगेत उभी असतात, कोणाला मत दिलं विचारलं तर सांगता पण येत नाही.

घरी दोन पार्ट्या पडल्यात. पप्पांनी आत्याला फोन करून सांगून पण टाकलं, जसं काही मी निवडून आलेच. आई म्हणते सकाळी सातला शाळा, दुपारी क्लास, रविवारी क्लासची टेस्ट, त्यात ही फुकटची हमाली कोण करणार, आणि बोर्डाच्या मार्कशीटवर कुठे लिहून येतं का ते.

मला हवंय. पण मागच्या वर्षीच्या हेड बॉयला सगळे तोंडावर सरांचा चमचा म्हणायचे, शेवटी शेवटी तो मधल्या सुट्टीत लायब्ररीतच बसायचा. आणि दुसरं म्हणजे माझी जी एकदम जवळची मैत्रीण आहे ती मखमलाबादहून सिटीलिंक बसने येते आणि आठवड्यातून दोनदा तरी लेट असतेच असते, आणि गेटवर उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायचं काम हेड गर्लकडे असतं. तिचं नाव मी लिहायचं का??

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा प्लीज. आत्मविश्वास वाढतो, व्यक्तिमत्त्व घडतं वगैरे नको, ते टीचरनी ऑलरेडी सांगून झालंय.

सिडको_एक्स्प्रेस

नको गं बाई. शाळेला बिनपगारी शिपाईमामा हवा असतो, त्याला बॅज लावला की हेड बॉय तयार. मी स्पोर्ट्स कॅप्टन होतो, कॅप्टन म्हणजे काय तर क्रीडा महोत्सवाच्या आठवडाभर चुन्याची पाटी आणि सुतळी. पीटीचे सर झाडाखाली उभे राहून "डावीकडे घे, डावीकडे" आणि मी उन्हात वाकून कबड्डीचं ग्राउंड आखतोय. आखून झालं की आठवीचे सायकलवाले त्यावरून मस्त गोल मारून जायचे.

एक मात्र आहे, दोन खुंट्या आणि सुतळी घेऊन काटकोन कसा काढायचा ते सरांनी तेव्हा शिकवलं, तीन-चार-पाचचा त्रिकोण, भूमितीत पायथागोरस तोपर्यंत नुसता पाठ होता. आता सिव्हिलला आहे, सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आमच्या ग्रुपची सुतळी माझ्याच हातात असते.

गोदाकाठची

हाय. मी दोन वर्षांपूर्वी हेड गर्ल होते, शाळा तुझ्याच बाजूची, आता केटीएचएम कॉलेजला बारावी सायन्स. लांबलचक लिहितेय, जमेल तसं वाच.

आधी त्या चमच्याचं. ते म्हणणारच, त्याला इलाज नाही. जुलैत शपथविधी झाला, सॅश घातला, फोटोबिटो झाले, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन आमच्या नेहमीच्या पायरीवर गेले तर बोलता बोलता सगळ्या एकदम गप्प. पोरांना वाटतं ही आता तिकडची झाली. आणि तिकडचे तर तुला आपलं मानतच नाहीत, स्टाफरूमच्या दारात उभं राहून वही द्यायची आणि निघायचं. हे साधारण गणपतीपर्यंत चाललं. नंतर निवळलं, पण ते नुसत्या दिवसांनी निवळत नाही, वरच्या सूचना खाली आणतेस तशा खालच्या तक्रारी पण वर नेतेस हे पोरांना दिसावं लागतं.

त्याचंच एक उदाहरण सांगते, गेटचं. सरांनी मला शंभर पानी वही दिली होती, तारीख, नाव, इयत्ता, कारण. कारणाच्या रकान्यात सगळे "ट्रॅफिक" लिहायचे, घर शाळेच्या मागच्या गल्लीत असलं तरी ट्रॅफिक. उशिरा आलं की ग्राउंडला दोन राउंड. एकदा पाऊस होता, गेटच्या शेडमध्ये उभं राहून मागची पानं चाळत बसले तर पाचवी-सहावीची तीच पाच-सहा नावं, आणि सगळी एकाच दिवशी एकाखाली एक. मग एकाला बाजूला घेऊन विचारलं, तर सगळी एकाच रिक्षातली. काका आधी दुसऱ्या शाळेची पोरं सोडायचे आणि मग आमच्याकडे यायचे. म्हणजे पोरं बिचारी वेळेत आवरून खाली येऊन उभी, आणि राउंड मारतायत रिक्षावाल्याचे. घरी पण सांगत नव्हती, कारण काकांनी दम दिलेला. मी वही घेऊन पर्यवेक्षक सरांकडे गेले, भाषण काही केलं नाही, त्या नावांना पेन्सिलने कंस करून दाखवला. सरांनी काकांना आणि पालकांना बोलावून घेतलं आणि रिक्षाचा टाइम बदलला. झालं. त्यानंतर त्या रिक्षातली पोरं मला लांबून हात करायची आणि पाचवी-सहावीत माझी जी काय इज्जत वाढली म्हणतेस.

मैत्रिणीचं सोपं आहे. हेड बॉयशी पहिल्याच दिवशी ठरवून घे की आपापल्या वर्गाची नावं आपण लिहायची नाहीत, तुझा वर्ग तो बघेल, त्याचा तू. आणि हे सरांना सांगून कर, गुपचूप नको. मग तिचं नाव लिहिलं तरी तू लिहिलेलं नसेल आणि सोडलं तरी तुझ्यावर येणार नाही. तिला मात्र आत्ताच सांग, निवडून आल्यावर सांगितलंस तर तिला तो रुबाब वाटेल.

आता मुख्य काम, परिपाठ. बाहेरून वाटतं दहा मिनिटांचा असतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, आणि प्रत्येकाला वेगळं पोरगं. ज्या वर्गाची पाळी त्या वर्गाने माणसं द्यायची आणि सकाळी सातला कळतं की बातम्यावाला आजारी आणि सुविचारवाली रडतेय. माझ्या कंपासमध्ये कायम दोन-तीन चिठ्ठ्या तयार असायच्या, एक सुविचार, एक बोधकथा, कोणीच नाही मिळालं तर स्वतः वाचायची. बातम्या आदल्या रात्रीच्या मोबाईलवरच्या नको, पेपरमधल्याच घ्यायला लाव. आमच्याकडे एका भाऊंनी संपूर्ण शाळेसमोर कुठल्यातरी हिरोच्या लग्नाची बातमी वाचली होती आणि मुख्याध्यापक बाजूलाच उभे 🤦‍♀️

पावसाळ्यात अजून एक खातं आपोआप तुझ्याकडे येतं, सुट्टी खातं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कंबरेला पाणी लागलं, की रात्री दहापासून आईच्या मोबाईलवर "काकू हेड गर्ल आहे ना घरी, उद्या सुट्टी आहे का". मला काय कलेक्टर ऑफिसातून फोन येतो का?! त्यात मागच्या वर्षीचं पत्र नवीन म्हणून फिरत असतं. पत्रावरची तारीख बघायची, आणि शाळेच्या ग्रुपवर आल्याशिवाय हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही. तू हो म्हणालीस आणि शाळा भरली तर मेलीस.

मला स्वतःला सगळ्यात समाधान ज्याचं वाटतं ते फोटोत कुठेच नाहीये. आमच्याकडे मुलींच्या वॉशरूमबाहेर पॅडचं मशीन होतं, कोणीतरी देणगी दिलेलं, वर नावाची पाटी वगैरे. पण कायम रिकामं. मला वाटायचं शाळा भरत नाही. एकदा मावशींना विचारलं तर म्हणाल्या, पॅड आहेत गं कपाटात, मशीनची चावी ऑफिसात क्लार्क सरांच्या ड्रॉवरमध्ये असते. आता आठवीतली पोरगी क्लार्क सरांकडे जाऊन चावी मागणार आहे का? मावशी पण मागायच्या नाहीत, त्यांना पण लाज. म्हणजे मशीन होतं, माल होता, फक्त चावी चुकीच्या टेबलात. मी सायन्सच्या मॅडमना सांगितलं, मॅडमनी त्याच दिवशी चावी लायब्ररीत हलवली, तिथे मॅडम असतात. अर्ज नाही, सह्या नाहीत, काही नाही. तर एक लक्षात ठेव, कुठलीही गोष्ट अडलेली दिसली की आधी चावी कोणाकडे आहे ते शोध, मोर्चा नंतर.

५ सप्टेंबरला दहावीची पोरं शिक्षक होतात ते तुमच्याकडे पण असेल. हेड गर्ल म्हणजे त्या दिवशीची मुख्याध्यापिका, साडी, खुर्ची, सगळं छान. पण त्याआधीचं टाइमटेबल तुलाच करायला लागतं आणि ते प्रकरण भयंकर आहे. सगळ्यांना पाचवी हवी, सगळ्यांना पीटी आणि चित्रकला हवी, नववी कोणालाच नको कारण नववी खाऊन टाकते. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या तरी भांडणं झाली. त्यात ऐनवेळी दोघं आलेच नाहीत, मग ऑफ तासाला कोणाला पाठवायचं ते शोधत मी साडी सावरत दोन मजले वरखाली. त्या दिवशी कळलं की रोज सकाळी पर्यवेक्षक सर तो प्रॉक्सीचा कागद घेऊन एवढे वैतागलेले का असतात.

अभ्यासाचं. वेळ पदाने जात नाही, निरोपांनी जातो. मामा रजेवर असले की सूचनावही तुझ्या हातात, पंधरा वर्गांत फिरवायची, प्रत्येक टीचरची सही घ्यायची, तोपर्यंत बीजगणिताचा तास संपला. माझे दोन-तीन तास असे गेल्यावर मी क्लासटीचरनाच सांगितलं की गणित आणि सायन्सच्या तासाला मला बाहेर पाठवू नका, सूचना मधल्या सुट्टीआधीच्या तासाला फिरवते. त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, कोणी काही म्हणालं नाही. मोठ्यांना बरेचदा माहितीच नसतं की तुझा तास बुडतोय.

डिसेंबरात गॅदरिंग झालं की सगळं नववीच्या पोरांकडे देऊन टाक. जानेवारीत पूर्वपरीक्षा, मग तोंडी-प्रॅक्टिकल, २०२५ला तर बोर्ड २१ फेब्रुवारीलाच सुरू झालं होतं. गॅदरिंगनंतर पण जो परिपाठाच्या माईकला चिकटून राहतो त्याचं काही खरं नसतं.

पालक_इंदिरानगर

आईची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझ्या मुलाने केलं होतं हे दहावीत, त्याला आवडलं, पण फायद्याचं म्हणाल तर बोर्डात शून्य. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ग्रेडचे वाढीव गुण मिळतात, खेळात विभाग-राज्य पातळीवर गेला तर मिळतात, हेड बॉयचे काही नाहीत. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, तिथे पोर्टल फक्त दहावीचे मार्क बघतं, सॅश नाही बघत. म्हणजे आई जे विचारतेय मार्कशीटचं, त्याचं उत्तर नाही असंच आहे, उगाच तिला गोल गोल सांगू नकोस.

फक्त क्लासवाल्यांचं पण ऐकू नका. कॉलेज रोडच्या प्रत्येक क्लासमध्ये जूनपासून असं वातावरण करतात की आता श्वास घेतला तरी टक्के कमी होतील. बेस्ट ऑफ फाइव्ह असतं, सहापैकी पाच विषय धरतात, प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या हातात असतात. दिवसातला अर्धा तास परिपाठात गेला म्हणून कोणाचं पोरगं नापास झालेलं मी तरी बघितलं नाही. मोबाईलने झालेली मात्र आमच्याच सोसायटीत आहेत.

निवृत्त_बाई

मुलांनो, मी नाशिकरोडकडे माध्यमिक शाळेत आयुष्य काढलं, आता निवृत्त. गोदाकाठचीने फार छान लिहिलंय, पण ते उशिरा येणाऱ्यांना राउंड मारायला लावायचं वाचून कपाळाला हात लावला. २००९ च्या शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला सरळ बंदी घालतं. जिथे आम्हा शिक्षकांनाच हात उगारायची मुभा नाही तिथे दहावीच्या मुलीने पाचवीच्या मुलाला उठाबशा काढायला लावणं तर सोडूनच दे. बाळा, तुला कोणी सांगितलं की तूच शिक्षा दे, तर "सर, मी नाव लिहून देते, पुढचं तुम्ही बघा" एवढंच म्हण. पालक भांडायला आले की पद कोणाचं होतं ते कोणी विचारत नाही, शिक्षा कोणी दिली तेच विचारतात.

आता दुसरं, जे कोणी सांगत नाही. मोठ्या ताईकडे लहान मुली अशा गोष्टी घेऊन येतात ज्या त्या आम्हाला सांगत नाहीत. रिक्षावाला विचित्र बोलतो, अमुक दादा मागे मागे येतो, घरी कोणीतरी मारतं. सुरुवात नेहमी एकच, "ताई, कोणाला सांगणार नाहीस ना?" तिथे "नाही सांगणार" असं वचन द्यायचं नाही. "ज्यांना सांगायला हवं त्यांनाच सांगेन आणि तुझ्यासोबत येईन" असं म्हणायचं आणि त्याच दिवशी विश्वासातल्या बाईंकडे जायचं. आपणच चौकशी करत बसायचं नाही, मैत्रिणींच्या ग्रुपवर तर अजिबात टाकायचं नाही. २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तक्रारपेटी असायला हवी. तुमच्या शाळेत समितीवर कोण आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव. शाळेत कोणाला सांगण्यासारखं नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. हा नंबर वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलास तरी अर्धं काम झालं.

निवडणुकीबद्दल स्टाफरूममध्ये दरवर्षी वाद व्हायचा. निम्मे म्हणायचे मतदान नको, पोरं दिसायला स्मार्ट आहे त्याला निवडतात, आपणच नेमूया. मी कायम मतदानाच्या बाजूने. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका १९९० च्या दशकात हाणामाऱ्यांमुळे बंद झाल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा तरतूद आली पण तरी आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी कॉलेज संपेपर्यंत एकही मत टाकलेलं नव्हतं. मग ते बीपवालं बटण तरी दाबू दे की त्यांना. एखाद्या वर्षी चुकीचं पोरगं निवडून येतं, तेही वर्षभर बघू दे, आपण कोणाला निवडलं ते.

सुरगाण्याचा_भाऊ

वाचून मजा वाटली. मी सुरगाणा तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकलो, आता सातपूरला कंपनीत आहे. आमच्याकडे हेड बॉय नव्हता, मंत्रिमंडळ होतं. मी दहावीला मुख्यमंत्री 😎 खाली आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, भोजनमंत्री, स्वच्छतामंत्री, बागेचा वेगळा. सिडको एक्स्प्रेस भाऊ म्हणतो फुकटचा मामा, भाऊ तुझं खरं असेल पण आमच्याकडे पोरांनी काम नाही केलं तर काम व्हायचंच नाही, कारण अधीक्षक एक आणि पोरं तीनशेच्या वर.

आरोग्यमंत्री सोमवारी नखं बघायचा. पाणीमंत्र्याचं काम उन्हाळ्यात डोक्याला ताप, टाकी किती भरलीय बघून अंघोळीच्या पाळ्या लावायच्या, आधी बारकी मग मोठी, आणि मोठे ऐकणार थोडीच. भोजनमंत्री स्वयंपाकघरातल्या कामाठ्यांसोबत उभा राहून डाळ-तांदूळ मोजून घ्यायचा आणि वहीत सही. भाजीत किडा निघाला तर मार भोजनमंत्र्याला नाही बसायचा पण पोरांच्या शिव्या त्यालाच.

पण खरं काम रात्री. जूनमध्ये पहिलीची पोरं नवीन येतात, सहा वर्षांची, घर कधी सोडलेलं नाही, दिवे बंद केले की एक रडायला लागतं, मग त्याचं ऐकून दुसरं, मग अख्खी खोली. आम्ही मोठ्या पोरांनी वाटणी केली होती, प्रत्येकाच्या गादीशेजारी दोन बारके. माझ्या शेजारी एक होता तो माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरून झोपायचा, रात्री मला लघवीला जायचं तर शर्ट काढून ठेवून जायला लागायचं.

दिवाळीनंतरची ड्युटी अजून वेगळी. द्राक्षाची गोडी छाटणी लागली की आमच्याकडची माणसं दिंडोरी-निफाडकडे बागांवर कामाला जातात आणि पोरांना सोबत घेऊन जातात, एक बारका भाऊ सांभाळायला, एक हाताखाली. सुट्टी संपली की हजेरीत गळती. सरांना पाडे माहीत नसायचे तेवढे आम्हाला माहीत, कोणाचा बाप कुठल्या मुकादमासोबत गेला ते पण. मग सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून पाड्यावर जायचं. सर बोलले की आईबाप हो हो म्हणायचे आणि पाठवायचे नाहीत. मी आमच्या भाषेत त्या पोराच्या आजीशी बोलायचो. आजी तयार झाली की पोरगं आलंच. काही नाही आले, ते आता माझ्यासोबतच सातपूरला नाक्यावर दिसतात कधी कधी.

तू राहा उभी. नाव लिहायला हरकत नाही, पण कोण आलं नाही ते पण लिही, लेट आलेलं पोरगं निदान आलेलं तरी असतं.

सिडको_एक्स्प्रेस

@सुरगाण्याचा_भाऊ मागे घेतो भाऊ माझा शब्द. मामा म्हणालो ते फक्त आमच्या चुन्यापुरतं.

दहावी_ब

बापरे एवढं सगळं!! थँक्यू सगळ्यांना. आईला सगळं वाचून दाखवलं, पालक काकांचं वाचल्यावर ती म्हणाली बघ मी म्हणत होते, आणि बाईंचं वाचल्यावर काहीच बोलली नाही, मग स्वयंपाकघरातून ओरडली की डिसेंबरात सोडायचं असेल तर राहा. म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरतेय. मैत्रिणीशी बोलले, ती म्हणाली लिही की नाव, मी पण "ट्रॅफिक" लिहीन 🙄

टीचरना हो सांगितलं. आता दोन शंका. इंटरव्ह्यूला काय विचारतात? आणि भाषण तीन मिनिटांचं करायचंय, माझ्याविरुद्ध जी उभी राहतेय ती दरवर्षी वक्तृत्वात बक्षीस घेते, तिच्यासमोर माझं काय होणार. आणि बाई, ती समिती आमच्याकडे आहे का ते मी विचारलं, ऑफिसबाहेरच्या बोर्डवर नावं लावलेली आहेत, मी चार वर्षं त्या बोर्डासमोरून जातेय, कधी वाचलंच नव्हतं.

निवृत्त_बाई

इंटरव्ह्यूला हमखास विचारतात, "तू हेड गर्ल झालीस तर काय बदलशील?" नव्वद टक्के मुलं सांगतात शिस्त आणि स्वच्छता. आम्ही ऐकून ऐकून पेंगायचो. एक मुलगा म्हणाला होता, पाण्याच्या टाकीचे नळ उंचावर आहेत, पाचवीची मुलं टाचा उंच करून पाणी पितात आणि शर्ट भिजवतात, एक नळ खाली घ्यायला सांगेन. तो नापास होता होता पास होणारा मुलगा, पण आमच्यापैकी कोणालाही ते नळ दिसले नव्हते. त्याला एकमताने घेतलं.

आणि "मैत्रिणीने नियम मोडला तर?" हे विचारतीलच. ते तुझं आता ठरलेलंच आहे.

गोदाकाठची

वक्तृत्ववालीला घाबरू नको, वक्तृत्ववाले परिपाठाला पण "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणून सुरुवात करतात आणि अर्धं मिनिट तिथेच जातं. पाचवी ते सातवीची मतं सगळ्यात जास्त असतात आणि ती बसलेली असतात पुढे, जमिनीवर, त्यांच्याकडे बघून बोल. वचन एकच दे आणि ते तुझ्या हातातलं असू दे. आमच्या वेळी एकाने कँटीनमध्ये पिझ्झा आणतो सांगितलं होतं, आमच्याकडे कँटीनच नव्हतं, तरी त्याला भरपूर मतं पडली, पण नंतर वर्षभर त्याला पोरं गाठून विचारायची पिझ्झा कुठे.

कागद हातात ठेव पण वाचू नको. आणि आदल्या दिवशी मामांना सांगून माईक एकदा चेक करून घे, पावसाची हवा असली की शाळेच्या माईकला खरखर येते, आणि पुढचा बोलून झाला की स्टँडची उंची आपली आपण कमी करायची, वाकून बोलायचं नाही.